तोही युनियनचा, मीही युनियनची: मग तक्रार कुठं करायची?

वाळूजच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या सुट्या भागांच्या कारखान्यात नऊ वर्षं कायम कामगार आहेत आणि पहिल्या दिवसापासून युनियनच्या सभासद आहेत. लाइनवरचा एक सिनियर ऑपरेटर दिवाळीपासून मुद्दाम अंगाला लागून जातो, घाणेरडं बोलतो, रात्री मोबाइलवर मेसेज टाकतो. त्यांनी सुपरवायझरला तोंडी सांगितलं, तर आठच दिवसांत त्यांनाच असेंब्लीतून उचलून पॅकिंगला टाकलं. तिथं ओव्हरटाइम नाही. युनियनच्या प्रतिनिधीकडे गेल्या तेव्हा तो म्हणाला, "ताई, करार तोंडावर आलाय. घरातलं भांडण कशाला चव्हाट्यावर आणता? तोबी आपलाच माणूस हाय." ताईंचे प्रश्न तीन आहेत. युनियनला डावलून तक्रार करता येते का? साक्षीदार नाही, तर तक्रार खोटी ठरून नोकरी जाईल का? आणि त्यांच्या मैत्रिणीला जातीवरून टोमणे मारतात, तिनं काय करावं?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तिथं दिवस मोजले जातात. तक्रार करता येते, आणि त्यासाठी युनियनची, सुपरवायझरची, कुणाचीच परवानगी लागत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा हा हक्क थेट तुम्हाला देतो. जिथं दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला आहेत तिथं मालकानं अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. समितीची अध्यक्ष वरच्या हुद्द्यावरची बाई असते, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरच्या सामाजिक संस्थेतला असावा लागतो. समिती नेमली नाही तर मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

तक्रार लेखी हवी आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत हवी. घटना एकामागून एक घडत असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने धरतात. त्यामुळे "दिवाळीपासून चाललंय, आता उशीर झाला" असं मनात आणू नका. शेवटचा मेसेज कधी आला, शेवटचा धक्का कधी लागला, ती तारीख काढा. उशीर झालाच असेल आणि कारण पटण्यासारखं असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर बसू नका. सुपरवायझरला तोंडी सांगितलं ते कायद्याच्या हिशेबात तक्रार म्हणून मोजलं जाणार नाही. पुरावा म्हणून मात्र ते फार मोलाचं आहे, त्यावर पुढं येतो.

मी वकिलीत येण्याआधी बारा वर्षं चिकलठाण्यात मशीनवर होतो, त्यातली सहा वर्षं युनियनचा सेक्रेटरी. त्यानंतरचं सगळं आयुष्य कामगार न्यायालय आणि औद्योगिक न्यायालयाच्या पायऱ्यांवर गेलं. या दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर एक गोष्ट ठाम सांगतो: अशा प्रकरणात बाई हरते ती बहुतेक वेळा कायदा कमी पडतो म्हणून नाही, कागद कमी पडतो म्हणून. आणि कागद कमी पडतो तो तिला सुरुवातीला कुणी हाताशी धरून बसवत नाही म्हणून. ते काम युनियनचं आहे.

कागद म्हणजे काय, ते एका उदाहरणानं सांगतो. काही वर्षांपूर्वी रांजणगाव शेणपुंजीहून एक बाई माझ्याकडे आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत घडी घातलेलं भिंतीवरचं कालनिर्णय. मी म्हणालो, ताई, तारखा सांगा. तिनं टेबलावर कॅलेंडर पसरलं. रोजच्या चौकटीत दुधाचा हिशेब होता, अर्धा लिटर, एक लिटर, कुठं 'नाही'. त्याच्याच शेजारी काही चौकटींत लाल स्केचपेनची बारीक फुली. "ज्या दिवशी त्यानं तरास दिला त्या दिवशी घरी येऊन फुली मारायची. नवऱ्याला काय सांगावं कळंना, मग भिंतीला सांगितलं." अकरा फुल्या होत्या. तिनं त्या तारखा तक्रारीत घातल्या आणि समितीकडे दोघांच्या पाळीची नोंद मागितली. अकराच्या अकरा दिवस दोघं एकाच पाळीत होते. तो आठवडाभर गावी गेला होता, त्या आठवड्यात एकही फुली नव्हती. समोरून म्हणणं आलं होतं की बाईनं हे बसून रचलंय. पण दुधाचा हिशेब कुठं निळ्या शाईत, कुठं काळ्या, कुठं मुलाच्या पेन्सिलीनं लिहिलेला होता. वर्षभर रोज लिहिलेलं कॅलेंडर एका रात्रीत रचता येत नाही, हे समितीतल्या बाहेरच्या सदस्य बाईंनी बरोबर ओळखलं.

तुम्हीही आज बसून तसंच करा. तारीख नक्की आठवत नसेल तर "संक्रांतीच्या आदल्या दिवशी", "पगाराच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या पाळीत" असं लिहा, पाळीच्या नोंदीवरून तारीख काढता येते. तक्रारीत "अमुक इसम मला नेहमी त्रास देतो" असं लिहू नका. "दुसऱ्या पाळीत, चहाच्या सुट्टीनंतर, मी कन्व्हेयरच्या टोकाला ट्रे उचलत होते, शेजारी जागा मोकळी असताना तो मागून घासून गेला आणि असं असं म्हणाला" हे लिहा. तो जे शब्द बोलला ते शब्द जसेच्या तसे लिहा, लाज वाटली तरी. "अश्लील बोलला" एवढ्यावर चौकशीत प्रश्न विचारले जातात, आणि ते प्रश्न ऐकणं जास्त जड जातं. ही लाज तुमची नाही, बोलणाऱ्याची आहे.

मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, पण फोनही जपून ठेवा, फोन बदलू नका. हेच पुढं कोर्टात गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून अमुक तारखेचं, अमुक जागेचं चित्रण राखून ठेवा असं एक वेगळं पत्र आजच द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा.

नियमाप्रमाणे तक्रारीच्या सहा प्रती, जवळचे कागद आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे असतात. समितीनं सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत त्या माणसाला द्यायची, त्यानं दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, आणि चौकशी ९० दिवसांत पुरी व्हायला हवी. अहवाल त्यानंतर दहा दिवसांत, आणि त्यावरची कारवाई मालकानं ६० दिवसांत. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्याची जबाबदारी समितीवरच आहे. या समितीपुढं वकील नेता येत नाही, तुम्हालाही नाही आणि त्यालाही नाही. म्हणूनच तक्रार लिहिताना शेजारी बसणारं माणूस जाणतं हवं.

समितीची अध्यक्ष किंवा एचआर तुम्हाला "मिटवून घ्या" म्हणाले तर लक्षात ठेवा, समेट फक्त तुम्ही मागितला तरच होतो, आणि पैसे घेऊन समेट करायला कायद्यानं मनाई आहे. तुमची मागणी नसताना दोघांना एका खोलीत बसवून हात मिळवायला लावणं बेकायदेशीर आहे. मी असं घडताना ऐकलंय, आणि त्या बाईनं दुसऱ्या दिवसापासून कामावर येणं सोडलं होतं.

आता साक्षीदारांचं. "कोणी पुढं येत नाही" हे मला प्रत्येक वेळी ऐकायला मिळतं आणि त्यात नवल नाही. कंत्राटावरची पोरगी साक्ष देईल आणि महिन्याच्या शेवटी तिचा गेटपास बंद होईल, ही भीती खरी आहे. पण चौकशी म्हणजे फौजदारी खटला नाही. तिथं संशयाला जागाच नको इतका पुरावा लागत नाही, घडलं असण्याची शक्यता जास्त आहे का हे पाहतात. अशा छळाला प्रत्यक्ष बघणारा नसतोच, करणारा तेवढी काळजी घेतो. त्यामुळे आजूबाजूच्या गोष्टी उपयोगी पडतात: तुम्ही त्याच रात्री बहिणीला फोन करून रडला होतात का, सुपरवायझरला सांगितलं तेव्हा तिथं कोण होतं, सांगितल्यावर किती दिवसांत बदली झाली. आठ दिवसांत. ते आठ दिवस तुमचे साक्षीदार आहेत.

आणि पुराव्याअभावी तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही. हे कायद्यातच लिहिलं आहे. खोटी तक्रार म्हणून कारवाई करायची तर ती वाईट हेतूनं, खोटं आहे हे माहीत असून केली होती असं वेगळ्या चौकशीत सिद्ध करावं लागतं. तुम्हाला कुणी "सिद्ध नाही झालं तर तुझीच नोकरी जाईल" म्हणत असेल तर तो एक तर कायदा वाचलेला नाही, नाहीतर तुम्हाला घाबरवतोय.

बदलीचा मुद्दा वेगळा धरा, पण तक्रारीत घाला. लैंगिक छळाला नकार दिल्यामुळे कामात नुकसान करणं, तशी धमकी देणं हे त्या कायद्याप्रमाणे छळातच मोडतं. चौकशी चालू असताना अंतरिम मागणी करता येते. दोघांपैकी एकाची बदली करा, असं समिती सुचवू शकते. दोघांपैकी एकाची म्हणजे त्याचीही. तुम्हाला तुमच्या हक्काच्या रजेशिवाय तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. "मला माझ्या असेंब्लीच्या जागी परत घ्या आणि त्यांना दुसऱ्या पाळीत टाका" असं स्पष्ट मागा.

समितीनं दाद दिली नाही तर महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आहे, कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा. आपल्याकडे कोर्टात सगळे त्याला 'एमआरटीयू' म्हणतात. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथांची यादी आहे: सूडबुद्धीनं काढून टाकणं, वाईट हेतूनं बदली करणं, गुणवत्ता न बघता एका गटाला झुकतं माप देणं, करार न पाळणं. तक्रार ९० दिवसांत करायची, उशिराचं सबळ कारण असेल तर कोर्ट त्यानंतरही घेऊ शकतं. कामावरून काढण्याचा वाद कामगार न्यायालयात जातो, बाकीचे औद्योगिक न्यायालयात. इथं एक बारकी गोष्ट आहे. तुमची बदली त्याच आवारात एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झाली आहे. समोरचा वकील म्हणणार, ही 'एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी' बदलीच नाही. म्हणून अर्ज नुसत्या बदलीच्या बाबीवर उभा करू नका, पक्षपाताची बाब आणि ओव्हरटाइमच्या वाटपाबद्दल करारात काही लिहिलं असेल तर करारभंगाची बाब, दोन्ही घाला. तुमच्या वेतनकराराची प्रत युनियनकडून मागून घ्या. ती मागण्याचा सभासदाला हक्क आहे आणि फार थोडे सभासद ती वाचतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेनं कामगार संघटना कायदा १९२६, स्थायी आदेश कायदा १९४६ आणि औद्योगिक विवाद कायदा १९४७ हे तीन केंद्रीय कायदे मोडीत काढले. राज्याचा १९७१ चा कायदा त्या तिघांच्या यादीत नाही. सूडबुद्धीनं त्रास देणं नव्या संहितेच्या अनुसूचीतही अनुचित प्रथाच आहे. लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा तर या संहितांत गेलेलाच नाही, तो होता तसा आहे. तरी अर्ज दाखल करायच्या दिवशी कोणत्या कलमाखाली टाकायचा ते वकिलाकडून ताडून घ्या. तारखा, पोच आणि पाळीची नोंद मात्र कोणत्याही कलमाखाली लागणारच.

आता युनियनबद्दल. इथं मला जास्त बोलायचं आहे.

"करार होऊ दे, मग बघू." ताई, हे वाक्य मीही एका बाईला बोललो होतो. सेक्रेटरी होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या मागणीपत्रकावर बोलणी चालू होती, दोन हजारांची वाढ पदरात पडायची होती, आणि कॅन्टीनमध्ये काम करणारी एक बाई आमच्याच कमिटी मेंबरची तक्रार घेऊन युनियनच्या खोलीत आली. मी तिला चहा पाजला, समजूत घातली आणि परत पाठवलं. करार झाला, गुलाल उधळला. ती तोवर काम सोडून गेली होती. वाढ कुणाकुणाला मिळाली त्याची यादी मी स्वतः केली होती, आणि त्या यादीत तिचं नाव नव्हतं हे मला यादी संपल्यावर दिसलं. ते माझ्या मनातून आजही गेलेलं नाही. मी वकिलीकडे वळलो त्यामागं हेही एक कारण आहे.

म्हणून तुमच्या प्रतिनिधीला आणि हे वाचणाऱ्या प्रत्येक पदाधिकाऱ्याला कळकळीनं सांगतो. दाबलेली तक्रार नाहीशी होत नाही, ती मॅनेजमेंटच्या ड्रॉवरमध्ये जाते. सुपरवायझरनं एचआरला सांगितलेलं असतं, एचआरनं टिपून ठेवलेलं असतं. आणि बोलणी अडली की ती बाहेर निघते: तुमच्या माणसावर कारवाई करायची का, की या मुद्द्यावर जरा सबुरीनं घेता? एका माणसाला वाचवायला गेलेली युनियन मग सगळ्यांच्या पगारवाढीवर पाणी सोडते. ज्या दिवशी तक्रार येते त्या दिवशी युनियननं स्वतः बाईला समितीपर्यंत नेलं तर मॅनेजमेंटच्या हातात काही उरत नाही.

"तोही आपलाच माणूस" याचं उत्तरही सांगतो. हो, तोही सभासद आहे आणि त्यालाही न्याय्य चौकशी मिळाली पाहिजे. त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याला कुणी काढू नये, चार्जशीट आली तर त्याच्या बाजूनं बोलायला युनियननं माणूस द्यावा. मी स्वतः अशा आरोप असलेल्या कामगारांची बाजू चौकशीत मांडली आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण दोघांना वेगवेगळी माणसं द्या. तिच्याबरोबर बसणारा पदाधिकारी एक, त्याच्याबरोबर बसणारा दुसरा, आणि दोघांनी आपसात या प्रकरणाची चर्चा करायची नाही. गेट मीटिंगमध्ये नाव घ्यायचं नाही, तिचंही नाही आणि त्याचंही नाही. तक्रारदार, आरोप असलेला, साक्षीदार, सगळ्यांची नावं गुप्त ठेवायला कायदाच सांगतो. चौकशीत त्याचा दोष दिसला तर त्याला वाचवायला काम बंद करायचं नाही. एवढं पाळलं तर युनियन कुणाचीच फसवणूक करत नाही.

तुमची युनियन मान्यताप्राप्त नसली तरी काही बिघडत नाही. १९७१ च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बिगर-मान्यताप्राप्त संघटनेचे पदाधिकारीही सभासदाच्या निलंबनाबद्दल, कामावरून काढण्याबद्दल मालकाशी बोलू शकतात आणि खात्यांतर्गत चौकशीत त्याच्या वतीनं हजर राहू शकतात. प्रतिनिधी "आमच्या हातात नाही" म्हणाला तर त्याला हे कलम दाखवा.

प्रतिनिधी तरीही हलला नाही तर जनरल सेक्रेटरीच्या नावानं लेखी पत्र द्या: अमुक तारखेला मी आपल्याकडे तक्रार घेऊन आले, आपण अमुक सांगितलं, मला युनियनची मदत हवी आहे. नम्र भाषेत लिहा, पण लिहाच. बहुतेक वेळा एवढ्यानं खोलीतली हवा बदलते. आणि पुढच्या मागणीपत्रकात दोन ओळी घालायचा आग्रह धरा. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन मराठीत, कॅन्टीनच्या भिंतीवर आणि बायकांच्या चेंज रूममध्ये लावा. मी कित्येक कारखान्यांत तो बोर्ड पाहिला आहे, तो इंग्रजीत असतो आणि एचआरच्या केबिनच्या आत असतो. दुसरी ओळ, समितीत कामगारांच्या बाजूनं लाइनवर काम करणारी बाई असावी, नुसत्या ऑफिसातल्या नकोत. बोर्ड लावणं ही तर मालकाची कायदेशीर जबाबदारीच आहे, तिच्यासाठी करारात काही सोडून द्यायचीही गरज नाही.

तुमच्या मैत्रिणीचं. ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल, आणि बोलणारा त्या जाती-जमातीबाहेरचा असेल, तर लोकांच्या देखत जातीवरून शिवी देणं, अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. लाइनवर चार माणसं ऐकत असताना बोललेलं लोकांच्या देखत बोललेलंच असतं. तेव्हा कोण कोण हजर होतं त्यांची नावं तिनं लिहून ठेवावीत. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही, कलम १८-अ मध्ये ते स्पष्ट आहे. पोलीस ठाण्यात तक्रार घेतली नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात लेखी द्यावं. मराठवाड्यात बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या माणसाचं संरक्षण त्यामुळं जात नाही, १९९० च्या दुरुस्तीनं ते पक्कं झालं आहे. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना मात्र हा कायदा लागू नाही. त्यांनी कारखान्याच्या स्थायी आदेशांखाली, म्हणजे कारखान्याच्या शिस्तीच्या आणि सेवेच्या नियमांखाली, गैरवर्तनाची तक्रार करावी आणि तक्रार निवारण समितीकडे जावं. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे २० किंवा जास्त कामगार असतील तिथं ही समिती लागते, तिच्यात निम्मे सदस्य कामगारांचे असतात आणि तिनं ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. पुरुष कामगाराला असा त्रास झाला तर त्याचीही वाट हीच, कारण २०१३ चा कायदा फक्त महिलांसाठी आहे.

टोमणे प्रत्येक वेळी शिवी होऊन येत नाहीत. डबा खाताना टेबल बदलणं, पाण्याची बाटली हातात न घेणं, सफाईचं काम नेहमी त्याच दोघा-तिघांच्या वाट्याला येणं. हे पोलिसांच्या कागदावर बसवणं अवघड असतं, पण युनियनच्या खोलीत बसवता येतं आणि बसवलंच पाहिजे. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न मांडला होता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात जास्त पगार होता आणि तिथं अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला, म्हणजे मागावरच्या शटलमधला, धागा तोंडानं ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. तो विटाळ पाळणारे मालक नव्हते, कामगारच होते, लाल बावट्याखाली बसणारेही त्यांच्यात होते. बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मण्यशाही आणि भांडवलशाही. आज धोटा गेला, पण डब्याचं टेबल आहे. तुमच्या युनियनच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर असेलच. तिच्याखाली बसून प्रतिनिधीला या टेबलाबद्दल विचारा.

कंत्राटावरच्या मुलींबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या लाइनवर त्या असणारच. २०१३ चा कायदा कंत्राटी, रोजंदारी, ट्रेनी सगळ्यांना लागू आहे. "ठेकेदाराकडे जा" हे उत्तर चुकीचं आहे, त्या जिथं काम करतात तिथली समिती त्यांची तक्रार घेते. दहापेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपमध्ये, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तिची माहिती जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळते. घरकाम करणाऱ्या बायकांनाही तीच समिती आहे. पगारातल्या भेदासाठी वेतन संहिता आहे, सारख्या कामाला बाई म्हणून कमी दर देता येत नाही. निवडायच्या, पॅकिंगच्या कामाला 'हलकं काम' म्हणत बायकांचा दर खाली ठेवण्याची आपल्याकडची जुनी खोड या कायद्यात बसत नाही.

पोलिसांत जायचं की नाही हा तुमचा निर्णय. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली लैंगिक छळ हा गुन्हा आहे, आणि तुम्ही ठरवलंत तर मालकानं तुम्हाला मदत केली पाहिजे. समितीकडे गेल्यामुळं पोलिसांचा रस्ता बंद होत नाही, पोलिसांत गेल्यामुळं समितीचा बंद होत नाही.

वकिलाच्या पैशाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तुम्ही यात दोन ठिकाणी बसता, तुमची मैत्रीण तीन ठिकाणी बसू शकते.

या रविवारी तुमच्या विश्वासातल्या एका बाईला घरी बोलवा. कॅलेंडर, फोन, पगाराच्या स्लिपा आणि मिळालं तर पाळीचं वेळापत्रक समोर ठेवा. आधी शेवटच्या घटनेची तारीख काढा, तिथून तीन महिने मोजा, मग बदलीच्या तारखेपासून ९० दिवस मोजा, आणि दोन्ही तारखा कॅलेंडरवर गोल करून ठेवा. तक्रार हातानं लिहिली तरी चालते. सहा प्रती काढा, सातवी स्वतःसाठी. सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी समितीच्या अध्यक्षांकडे द्या आणि त्या सातव्या प्रतीवर तारीख, वेळ आणि सही घेतल्याशिवाय लाइनवर जाऊ नका.